क्लार्कने एकच मत टाकावे

१ जानेवारी

संकल्प. या वर्षी अमेरिकेची राज्यव्यवस्था सुधारायची.

गेल्या वर्षीचा संकल्प मागच्या दाराची मोडकी पायरी बसवण्याचा होता. तो फार क्षुद्र होता म्हणून तडीस गेला नाही. लहान कामात माझं मन रमत नाही. हा दोष नव्हे, पिंड आहे.

न्याहारीच्या वेळी लॉर्नाला सांगितलं. ती म्हणाली, "पायरीच्या आधी की नंतर?" जिने जन्मभर शाळेची बस चालवली, त्या पत्नीकडून घटनात्मक दृष्टीची अपेक्षा करू नये. केलीही नाही.

२ जानेवारी

मसुदा सुरू केला. हायस्कुलात आयुष्यभर नागरिकशास्त्र शिकवलं, ते वाया जाऊ द्यायचं नाही. राष्ट्राध्यक्ष थेट जनतेच्या मतांनी निवडावा. निर्वाचक मंडळ नावाचे मधले दलाल बंद. सिनेटमध्ये प्रत्येक राज्याला लोकसंख्येच्या प्रमाणात जागा. मतदारसंघांच्या सीमा पुढाऱ्यांनी नव्हे, त्रयस्थांनी आखाव्यात. मतदान पसंतीक्रमाने: पहिली पसंती, दुसरी, तिसरी, ज्याला पहिली पसंती सर्वांत कमी तो बाद, त्याची मतं पुढच्या पसंतीला. आणि कोणीही कोणत्याही खुर्चीत बारा वर्षांपेक्षा जास्त बसू नये. हे शेवटचं कलम लिहिताना अंगावर शहारा आला. इतकं चांगलं झालं आहे.

मार्चच्या पहिल्या मंगळवारी आमच्या ईस्ट हार्लोची गावसभा. व्हरमाँटमध्ये अजून सारं गाव एका हॉलमध्ये बसून रस्ते, ग्रंथालय, आगीचा बंब यांचा निकाल स्वतः लावतं. त्याच सभेत हा ठराव मंजूर करून वॉशिंग्टनला पाठवायचा. सभापती मीच असल्यामुळे अडचण दिसत नाही.

एकोणीस वर्षं सभापती आहे. सकाळी पहिलं काम सभापतीची निवड. कोणीतरी माझं नाव सुचवतं, दुसरं नाव येत नाही, मग प्रथेप्रमाणे "क्लार्कने एकच मत टाकावे" असा ठराव होतो, आणि गावाची क्लार्क थेल्मा ड्युशार्म सर्वांच्या वतीने एक चिठ्ठी डब्यात टाकते. आजवर माझ्याविरुद्ध एकही मत पडलेलं नाही. लोकप्रेम दुसरं काय असतं?

सभापतीचा हातोडा मेपलच्या लाकडाचा आहे आणि वर्षभर आमच्या दिवाणखान्यातल्या कपाटावर असतो. निवृत्तीनंतर माझ्या घरात अधिकाराची तेवढी एकच वस्तू उरली आहे. मागे एकदा लॉर्नाने त्याने अक्रोड फोडले होते. त्यावर आमचं बोलणं झालं होतं.

६ जानेवारी

सभेच्या नोटिशीत ठराव घालायचा तर मतदारांच्या सह्या लागतात. सकाळी गावच्या दुकानात गेलो आणि कॉफीपाशी, दुधाच्या भांड्यासमोर उभा राहिलो. प्रतिसाद उत्स्फूर्त. सही केली की मी बाजूला होत असे, लोक दूध घेत. काळी कॉफी पिणारे तेवढे प्रतिगामी निघाले.

ड्वाइट कोल्बी आला. गाईंचा गोठा, गावाच्या उत्तरेला. माझा जुना विद्यार्थी, त्यामुळे त्याला माझं ऐकून न घेण्याची सवय लवकर लागली. त्याने सगळी कलमं वाचली. म्हणाला, "सर, सिनेटमध्ये कॅलिफोर्नियाला दोन आणि आपल्यालाही दोन. तुम्ही म्हणताय तसं केलं तर आपल्याला किती?"

मी म्हणालो, प्रश्न किती हा नाही, न्यायाचा आहे.

"म्हणजे शून्य आणि थोडा," तो म्हणाला. "आणि या सीमांचं काय? आपल्या अख्ख्या राज्याला वॉशिंग्टनात प्रतिनिधी एक. रेघ ओढायची कुठे, त्याच्या पोटावर?"

सर्वजण हसले. ड्वाइटच्या विनोदाला लोक हसतात, कारण त्याला विचार करावा लागत नाही. तरी सही केली त्याने. दूध त्याच्याच गोठ्यातलं होतं, हे नंतर लक्षात आलं.

९ जानेवारी

ड्वाइटची गाय पुन्हा शेजारच्या बूटेनांच्या भाजीच्या वाफ्यात. बर्फाखाली भाजी नाही, पण तत्त्व आहे. दोघांचं भांडण दुकानात पोचलं. कोणीतरी म्हणालं, कुंपण-पंच कुठे आहेत?

गावाला अजून कुंपण-पंच आहेत. दीडदोनशे वर्षांपूर्वी दोन शेतांमधल्या कुंपणाचा तंटा सोडवायला नेमत, ते पद कोणी रद्दच केलं नाही. सहावं कलम घातलं: कालबाह्य पदं बरखास्त; आरंभ कुंपण-पंचापासून.

१४ जानेवारी

ठराव थेल्माकडे दिला. तिने चष्मा खाली ओढून वाचला. "पाचवं कलम छान आहे. बारा वर्षं. तुमची किती झाली, ऑरिन?"

मी सांगितलं, ते कलम राष्ट्रीय स्तरावरचं आहे.

"बरं. मग यंदाही एकच मत टाकू ना?" असं म्हणून तिने शिक्का मारला.

घरी येताना अस्वस्थ होतो. थेल्माचा हेतू वाईट नसेल. पण वॉशिंग्टनला लोकशाही शिकवणारा माणूस स्वतः एका चिठ्ठीवर निवडून येतो, हे पत्रकारांना कळलं तर? पत्रकार येणारच.

१५ जानेवारी

निर्णय झाला. यंदा एक चिठ्ठी नको. खरीखुरी निवडणूक होईल, आणि तीही पसंतीक्रमाने. प्रचंड बहुमताने विजयी सभापतीने मांडलेला ठराव, असं वॉशिंग्टनला दिसलं पाहिजे.

अडचण एकच. माझ्याविरुद्ध उभं राहायला कोणी तयार नाही.

२० जानेवारी

ठरावाची आगाऊ प्रत आपल्या एका सिनेटरना पाठवली. सिनेट मोडीत काढण्याबद्दल त्यांचं मत मोकळेपणाने कळवावं, असं सोबत लिहिलं.

१ फेब्रुवारी

उत्तर नाही. म्हणजे गंभीरपणे विचार चालू आहे.

पायरीसाठी फळी पाहून आलो. फळी चांगली होती. आणली नाही, कारण मोजमाप घरी राहिलं होतं.

७ फेब्रुवारी

शेतकरी मंडळाच्या ग्रेंज हॉलमध्ये हिवाळी पाई-स्पर्धा. लॉर्नाची सफरचंदाची पाई दर वर्षी पहिल्या क्रमांकाची निळी फीत घेते. यंदा परीक्षक मी रद्द केले. म्हटलं, गावाला पसंतीक्रम हातात घेऊन पाहू दे. लोकशिक्षण गोडापासून सुरू करावं.

सोपं केलं होतं. टेबलावर पाई मांडलेल्या. प्रत्येकाने क्रम लावायचा. जी बाद होईल ती कापून वाटायची, म्हणजे मोजणी चालू असताना लोकांना कंटाळा येणार नाही. ही कल्पनाही माझीच.

पहिल्याच फेरीत लॉर्नाची पाई बाद. मला वाटलं थेल्माची मोजण्यात चूक झाली. पुन्हा मोजलं. तेच. तोवर पाई संपलीही होती. दुसऱ्या फेरीत मेपल-क्रीम गेली, मग ब्लूबेरी. जी जी चांगली, ती ती आधी गेली.

शेवटी विजयी झाली ड्वाइटची सलगमची पाई. ती तो दर वर्षी आणतो आणि दर वर्षी तशीच परत नेतो. त्याने निळी फीत ट्रकच्या आरशाला बांधली.

मी त्याला विचारलं, लोकांना क्रम कळला नाही का? तो म्हणाला, "कळला की. जिला शेवटी टाकायचं ती आधी पोटात. कोणीतरी रांगेत सांगितलं, मग सगळ्यांनी तसंच केलं."

८ फेब्रुवारी

रात्रभर विचार केला. पद्धत निर्दोष ठरली आहे. मतदार तयार नाहीत, एवढंच.

लॉर्ना रागावली असेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "इतक्या वर्षांत पहिल्यांदा बशी चाटूनपुसून परत आली. मला तुझी पद्धत आवडली." हिला राजकारण समजत नाही, ते एका परीने बरं आहे.

१४ फेब्रुवारी

व्हॅलेंटाइनचा दिवस. लॉर्नाला चॉकलेटचा डबा दिला आणि माझ्याविरुद्ध उमेदवार होण्याची विनंती केली.

ती म्हणाली, "मी? सभा म्हटली की तू मला मागच्या रांगेत विणायला बसवतोस."

मी म्हणालो, नावापुरतं. प्रतिस्पर्धी नसेल तर विजयाला अर्थ काय? आणि घरातलं माणूस असलं की पराभवाची कटुता बाहेर जात नाही.

तिने एक चॉकलेट खाल्लं. "कटुता कोणाची?"

"तुझी," मी समजूत घातली. "मी हळुवारपणे घेईन."

हो म्हणाली. दुसरा प्रतिस्पर्धी म्हणून ड्वाइटलाही तयार केलं. त्याची अट एकच: संध्याकाळी गाई पिळायच्या आत निकाल लागला पाहिजे.

आता प्रतिस्पर्धी उत्तम जमले आहेत. एक विणते, एक सलगम पिकवतो.

२१ फेब्रुवारी

भाषणाची तालीम. सभेत प्रत्येकाला बोलायला तीन मिनिटं, असा नियम आहे. तो सहा वर्षांपूर्वी मीच केला, ड्वाइटचं खडीच्या रस्त्यांवरचं बोलणं थांबवण्यासाठी. अर्थात तो नियम सर्वसामान्य वक्त्यांसाठी आहे.

भाषण लांबलं. कापायचं ठरवून पुन्हा बसलो. कापताना आणखी दोन मुद्दे सुचले, ते देशहिताच्या दृष्टीने सोडणं शक्य नव्हतं. आता आधीपेक्षा मोठं आणि अधिक संक्षिप्त झालं आहे.

लॉर्नाला ऐकवलं. प्रस्तावना संपायच्या आत ती झोपली. दिवसभराच्या बर्फ उपसण्याने थकली असावी. सध्या बर्फ तीच उपसते, कारण मी भाषणात आहे.

२ मार्च

उद्या. बर्फ वितळून रस्त्यांचा चिखल झाला आहे. मेपलच्या झाडांना रसासाठी बादल्या लागल्या. हातोड्याला तेल लावलं.

विचार आला: लॉर्ना पडली की तिला थोडं वाईट वाटेल. उद्या संध्याकाळी तिच्याशी विशेष प्रेमाने वागायचं. लिहून ठेवतो, नाहीतर विजयाच्या गडबडीत राहून जाईल.

३ मार्च, सकाळ

हॉलच्या मागच्या खोलीतून लिहितो आहे. हॉल भरलेला. स्वयंपाकघरातून घेवड्याचा आणि हॅमचा वास येतो आहे. पत्रकार नाहीत. चिखलात अडकले असतील.

सभापतीची निवड यंदा जेवणानंतर घ्यावी, म्हणजे लोकांना माझं काम पाहून मत देता येईल, असं मी सुचवलं. कोणी हरकत घेतली नाही. आता माझा ठराव. सभापतीला चर्चेत बोलता येत नाही, म्हणून दहा मिनिटांसाठी हातोडा कोणाकडे तरी द्यावा लागेल. लॉर्नाकडे देतो. ती काही करणार नाही.

३ मार्च, दुपार

घाईत लिहितो आहे. काही गोष्टी अपेक्षेहून वेगळ्या झाल्या.

भाषण सुरू केलं. फिलाडेल्फियात घटना लिहिली गेली त्या उन्हाळ्यापासून आरंभ केला होता. गुप्ततेसाठी घटनाकार अजून खिडक्या बंद करत होते, तेवढ्यात हातोडा वाजला.

"ऑरिन, वेळ झाली."

मी म्हटलं, हा राष्ट्रीय विषय आहे.

"तीन मिनिटं," लॉर्ना म्हणाली. "नियम तुझाच आहे. बस."

मागून कोणीतरी टाळी वाजवली, मग आणखी काहींनी. मी उभाच होतो. तेव्हा तिने ती नजर टाकली. या हॉलमधल्या पन्नाशीच्या आतल्या प्रत्येकाने ती नजर बसच्या आरशात पाहिली आहे. माझ्या आधी ते सगळे बसले. ते बसलेलेच होते, तरी अजून खाली बसले. मग मीही बसलो.

चर्चा झाली. निर्वाचक मंडळावर बूटेनबाई म्हणाल्या की त्यातल्या आपल्या राज्याच्या तीन मतांना कोणी विचारत नाही हे खरं, पण थेट मोजणी केली तर आपण मोठ्या शहरांतल्या एखाद्या इमारतीएवढे. तेव्हा तीन असू देत. गावचे दंतवैद्य म्हणाले, सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांना मुदत हवी, ते फार वर्षं बसतात. यावर ड्वाइटने मान वळवून सरळ माझ्याकडे पाहिलं. मी होकारार्थी मान हलवली. त्याला मुद्दा पटलेला दिसला.

मग ड्वाइटने दुरुस्ती मांडली: "ठराव असा की" यापुढचं सगळं वगळावं आणि असं लिहावं, की काँग्रेसने वर्षातून एकदाच भरावं, प्रत्येकाने घरून एकेक पदार्थ आणावा, कोणी तीन मिनिटांपेक्षा जास्त बोलू नये आणि गाई पिळायच्या आत सगळ्यांनी घरी जावं.

अनुमोदन चहूकडून. आवाजी मतदानाने मंजूर, विरोधात कोणी नाही. माझ्या ठरावातले पहिले तीन शब्द गावाने एकमताने स्वीकारले.

मी हातोडा परत घ्यायला पुढे गेलो. लॉर्ना म्हणाली, "तू मला दहा मिनिटं दिली होतीस. त्यातली बरीच उरली आहेत." उरलेल्या वेळात तिने खडीचे रस्ते संपवले. खडीवर एरवी जेवणापर्यंत वाद चालतो, मी तो सर्व बाजूंनी होऊ देतो. ती म्हणाली, "बंबाला नवे टायर. कोणाला बोलायचंय? नको? हात वर करा. खाली करा. पुढचा थांबा, ग्रंथालय."

घेवडा गरम असतानाच जेवायला बसलो. कोणी आठवण काढली की असं कधी झालं नव्हतं. मी म्हटलं, व्यवस्था मी लावून दिली होती.

आता चिठ्ठ्या वाटताहेत. स्वतःलाच पहिली पसंती देणं मला असंस्कृत वाटतं. पहिली पसंती लॉर्नाला दिली, सौजन्य म्हणून. दुसरी मला. ड्वाइटला शेवटी टाकलं, तो ते समजून घेईल.

३ मार्च, संध्याकाळ

पहिल्या फेरीत मी बाद.

थेल्माने आकडे वाचून दाखवले. माझ्या नावावर पहिल्या पसंतीचं मत एक. दुसऱ्या पसंतीत मी खूपच पुढे होतो, जवळजवळ साऱ्या गावाने मला दुसरा ठेवला, पण दुसरी पसंती मोजायची वेळ येण्याआधीच मी बाद झालो होतो. ही पद्धतीतली उणीव आहे, हे आज प्रथमच लक्षात आलं. माझं ते एक मत पुढच्या पसंतीने ड्वाइटकडे गेलं. त्याच्याकडे आधीची मूठभर होती. बाकी सगळी लॉर्नाला. तिने हातोडा वाजवून सभा संपवली, तेव्हा गाई पिळायला अजून तास होता.

लॉर्नाशी विशेष प्रेमाने वागायचं असं लिहून ठेवलं होतं. वागलो. ती म्हणाली, "तुला वाईट वाटत असेल तर बोल." मी म्हणालो, मुळीच नाही. तिने हातोडा कपाटावर ठेवला. जागा तीच.

४ मार्च

शांत मनाने विचार केला.

एक. गेली एकोणीस वर्षं मला दर वर्षी एकच मत पडत आलं. यंदाही एक पडलं. माझ्या मतांत घट झालेली नाही.

दोन. पाई आठवा. ज्याला शेवटी टाकायचं ते लोकांना सर्वांत प्रिय. गावाने तीच सवय इथे लावली असेल, तर पहिल्या फेरीत बाद होणं हा जवळजवळ सन्मान आहे. मी सफरचंद होतो.

दुकानात ड्वाइटला हे समजावलं. त्याने कॉफीत दूध घातलं. मग म्हणाला, "सर, ती पाई आम्हाला खायची होती."

यातून काय घ्यायचं ते मी अजून ठरवलेलं नाही.

५ मार्च

गावाने रिकाम्या पदांच्या नेमणुका केल्या. कुंपण-पंचाची एक जागा रिकामी होती. मी घरी असताना कोणीतरी माझं नाव सुचवलं. दुसरं नाव आलं नाही. क्लार्कने एकच मत टाकावे, असं ठरलं, आणि थेल्माने टाकलं.

पद ऐतिहासिक आहे. बरखास्तीचं कलम घाईने लिहिलं होतं. सुदैवाने ते ड्वाइटच्या दुरुस्तीत गेलं.

८ मार्च

ते एक मत कोणाचं?

माझं नव्हे, मी सौजन्य दाखवलं होतं. म्हणजे या गावात एक माणूस असा आहे ज्याने माझं काम पाहिलं, तुलना केली आणि नाव न सांगता माझ्यामागे उभा राहिला. चळवळी एका माणसापासून सुरू होतात.

तर्क: त्याची दुसरी पसंती ड्वाइट होती, लॉर्ना नव्हे. म्हणजे माझा समर्थक लॉर्नाच्या स्पष्ट विरोधात आहे. थोडा कठोर, पण तत्त्वनिष्ठ. पूर्वी तिने ज्यांना बसमधून उतरवून चालत पाठवलं, त्यांत शोधायला हवं.

१० मार्च

टपाल कचेरीत दंतवैद्य भेटले. त्यांना आठवीत असताना लॉर्नाने दोन थांबे आधी उतरवलं होतं, हे मला माहीत आहे. मी त्यांच्या डोळ्यांत पाहून हलकेच म्हणालो, "धन्यवाद." ते म्हणाले, "कशाचे? तुमची दाढ अजून काढायची राहिली आहे."

सावध माणूस आहे. चळवळीला असेच लागतात.

१२ मार्च

कुंपण-पंच म्हणून पहिलं काम. ड्वाइट आणि बूटेनबाई यांच्यामधलं कुंपण पाहायला चिखलातून गेलो. नियम असा की निर्णय दोन पंचांच्या संमतीने. दुसरा पंच कोण, हे तिथे गेल्यावर कळलं. ड्वाइट.

मी म्हणालो, हा हितसंबंधांचा उघड संघर्ष आहे. सुधारणेची गरज यातूनच सिद्ध होते. तो म्हणाला, "सर, खांब धरा." धरला. त्याने ठोकला. गाय पाहत होती. तंटा मिटला. बूटेनबाईंनी दोघांना डोनट दिले.

माझ्या हाताला फोड आला आहे. गेल्या एकोणीस वर्षांत हातोड्याने आला नव्हता.

१५ मार्च

रविवार. जेवताना लॉर्नाला चळवळीबद्दल सांगितलं: की गावात एक निष्ठावंत आहे, त्याला शोधून काढायचा, पुढच्या वर्षी एकाचे दोन करायचे, आणि हातोडा परत आणायचा. तिने मला मध्येच थांबवलं नाही. मला वाटतं, तीन मिनिटं ती मोजत होती.

मग म्हणाली, "ते मत माझं होतं, ऑरिन."

मी विचारलं, का?

"स्वतःला कसं देणार? बरं दिसत नाही." तिने बटाटे वाढले. "आणि तू सभापती असलास की जानेवारी ते मार्च त्या खोलीत भाषण लिहीत बसतोस. घर शांत असतं. तेवढे तीन महिने मला हवे होते."

"मग दुसरी पसंती ड्वाइटला का?"

"त्याला वाईट वाटलं असतं. त्याला फारशी मतं मिळणार नव्हतीच."

मी आणखी बटाटे घेतले. बाहेर छपरावरून बर्फ घसरून पडला.

सिनेटरचं उत्तर अजून आलेलं नाही.

संध्याकाळी ड्वाइटच्या ट्रकमधून फळी आणली. तिच्यावर निळी फीत अडकली होती, ती परत केली. मागच्या दाराची पायरी बसवली. लॉर्नाला बोलावून म्हटलं, चढून पाहा. ती चढली, उतरली, पुन्हा चढली.

"हलत नाही," म्हणाली.

विरोधात कोणी नव्हतं. तिने एकटीने हात वर केला. मंजूर धरलं.